दगडाबाईचं बिनवासाचं पाणी

दगडाबाई थुंकायची फार. तंबाखू खाऊन नव्हे. तंबाखूला तिनं जन्मात हात लावला नाही. ती माणूस बघून थुंकायची. बोरी गावाच्या अलीकडं, जिंतूर रस्त्यावरच्या फाट्याला, बुद्धवाड्याच्या कडेला तिचं खोपट. तिथं गाडी थांबावी, आतनं कुणी उतरावं, दगडाबाईनं त्याला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळावं आणि डाव्या अंगाला पचकन थुंकावं. मग फाट्यावरच्या लोकांनी समजून जायचं, हा गडी बाईच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी.

जुनं गिऱ्हाईक म्हणजे दारूचं. आता त्यात लपवायचं काय? बाईनं ऐन उमेदीची सगळी वर्षं हातभट्टीची दारू गाळण्यात घातली. नवरा चंद्रभान तिला गाळायला शिकवून गेला आणि स्वतः पिऊन गेला. गाळणाऱ्यानं प्यायची नसते, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, पण चंद्रभानला कोण सांगणार? पहिल्या धारेची चव त्यानंच बघायची, शेवटच्या धारेचीही त्यानंच, आणि भांडं विसळलेलं पाणी फुकट जाऊ नये म्हणून तेही त्याच्याच नरड्यात. रक्त ओकून मेला. त्याला माती देऊन आल्यावर दगडाबाईनं चूल पेटवली, ती भाकरीसाठी नव्हे. सडलेल्या गुळाचं पिंप भरून ठेवलेलं होतं, ते उतरवायला. पोटाला कुठलं आलंय सुतक!

आणि प्यायला यायचं कोण? तुम्ही म्हणाल, गडी-हमाल. अहो, कुठलं! गडी-हमाल यायचे ते परवडेल तेव्हा, मान खाली घालून, पिऊन निमूट जायचे. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे गावातली पांढरी धोतरं. त्यातलं सगळ्यांत पांढरं धोतर दिनकररावाचं. नदीकाठच्या काळ्या रानाचा धनी, देवळाच्या पंचांत पहिला, कीर्तनात बुवांच्या शेजारी बसणारा. तो मागच्या कुडाच्या बाजूनं आत शिरायचा. दगडाबाईच्या बाजेवर बसायचा, तिच्याच गिलासात प्यायचा, तिनं तव्यावर परतलेली येलदरीची मासळी खायचा, बोटं चाटायचा आणि जाताना उंबऱ्यावर भडाभडा ओकायचा. वर राख टाकून ते भरायचं कुणी? दगडाबाईनं. तेव्हापासूनच तिला हे थुंकायचं लागलं असणार. नुसता दिनकररावाचा खाकरा कानावर आला तरी तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते गिळवायचं नाही.

छप्पन साली बुद्धवाड्यानं धम्म घेतला, तेव्हा दगडाबाईही पांढरं लुगडं नेसून रांगेत उभी होती. पुढं विहार झाला. दर पौर्णिमेला सगळ्यांबरोबर हात जोडून ती पाच शीलं म्हणायची. चार शीलं खणखणीत. पाचवं आलं, नशापाण्याचं, की तिचा आवाज घशातच राहायचा. प्यायची नाही ती, थेंबभरही नाही. पण जोडलेले हात तोंडाशी आले की त्या हातांना सडक्या गुळाचा अन् नवसागराचा वास यायचा. राखेनं घासा, चिंचेनं घासा, वास काही जाईना. एका पौर्णिमेला तिला विहारातच उमळून आलं. तशीच उठली, घरी आली आणि पिंपातलं सगळं रसायन तिनं उकिरड्यावर पालथं केलं. उकिरड्यावरच्या कोंबड्या दिवसभर झिंगून लोळत होत्या म्हणतात. वाड्यातले लोक पोट धरून हसले. दगडाबाईला हसू आलं नाही. ती कोंबड्यांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अगं माय, हे मी मानसांना पाजत होते!"

आता शील पाळलं म्हणून कुणी भाकर आणून देत नाही. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली, रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, हाताची सालं निघाली. पण भट्टी पेटवली नाही. दुष्काळ सरला, कामं बंद पडली आणि बाई फाट्यावर भाजलेल्या शेंगा विकत बसली. तिथं तिला बन्सीधर भेटला.

बन्सीधर परभणी-जिंतूर ट्रक चालवायचा. तोंडानं फटकळ, पण दारूच्या वाटेला न जाणारा माणूस. एका दुपारी त्याचा ट्रक फाट्यावर बंद पडला तो पडलाच. बोनेट उघडून तो परभणीच्या कुठल्याशा दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला.

"बाटरीचं पानी म्हून आडाचं पानी दिलं गं मावशे, हरामखोरानं! वर लेबल लावून, बूच लाखेनं बंद करून!"

"पानीच ना? मग आडाचं चालत न्हाई का?"

"न्हाई ना चालत. आपल्याकडचं पानी लय खारं. हंड्याला आतनं पांढरा थर बसतो बग, तसाच हिच्या पोटात बसतो. हिला वाफंचं पानी लागतं."

"वाफंचं म्हंजे?"

"म्हंजे पानी उकळायचं, वाफ नळीत धरायची, गार करायची. थेंब थेंब गळंल ते बाटलीत घ्यायचं."

दगडाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं तिनं. "मुडद्या, मग जिंदगीभर मी दुसरं काय केलं रे?"

असा तो धंदा सुरू झाला. दारूचा हंडा होताच. माहेरून लग्नात आलेला, तांब्याचा, दोन कानांचा, चांगला पोटाळ. बापानं दुभती शेळी विकून घेतला होता. दगडाबाईनं तो उन्हात पालथा घातला, चिंच लावून घासला, आतनं कल्हई करून घेतली. जुनी नळी नाल्यात फेकली. नवी बन्सीधरनं आणून दिली. हंड्यावर झाकण, झाकणाच्या कडेनं ओली माती, नळी गार पाण्याच्या घंगाळातून खाली बाटलीत. सगळं तेच, हातांना पाठ असलेलं. फक्त हंड्यात गुळाऐवजी पाणी. पहिली बाटली भरली तशी तिनं नाकाशी धरली. मग तळहातावर थोडं ओतून तळहात हुंगला. काही नाही. तिच्या भट्टीतून जन्मात पहिल्यांदा असं काही गळलं होतं, ज्याला वास नव्हता. बाई तिथंच धुरात बसून घळाघळा रडली. आनंदानं रडली, सांगायला लाज कसली?

बाटरी म्हणजे तिला आधी नुसतं काळं खोकं वाटायचं. बन्सीधरनं उघडून दाखवलं. वर ओळीनं बुचं, बूच काढलं की आत शिशाच्या पाट्या, त्या तेजाबाच्या, आम्लाच्या पाण्यात बुडालेल्या.

"तेजाब तसंच ऱ्हातं मावशे. पानी तेवढं उन्हानं अन् इंजिनाच्या धगीनं उडून जातं. पाट्या उघड्या पडल्या की मेली बाटरी. म्हून पाट्यांवर बोटभर पानी पायजे. बोटभरच. काठोकाठ भरलं की उतू जातं अन् आजूबाजूचं लोखंड खाऊन टाकतं."

हे दगडाबाईला चटकन पटलं. काठोकाठ भरून घेणारे तिनं किती बघितले होते! सगळे उतू जाऊन तिच्याच उंबऱ्यावर पडायचे.

दोन उन्हाळ्यांत तिचं नाव त्या रस्त्याला झालं. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, टेंपोवाले फाट्यावर थांबायचे, "मावशी, जरा बगा हो" म्हणून बोनेट उघडून द्यायचे. दगडाबाई पदर खोचून वाकायची, तारांच्या मुळाशी धरलेली पांढरी-हिरवी बुरशी फडक्यानं पुसायची, एकेक बूच काढून आत डोकावायची आणि झारीनं हलकेच पाणी सोडायची. तेजाबाचे शिंतोडे उडून लुगड्याची चाळण झाली होती. कुणी म्हणालं, "भर की अजून, हात का आखडायलीस?" की ती झारी उचलून घ्यायची आणि म्हणायची, "पेताडासारखं मागू नको. पोटाला लागंल तेवढंच."

गावाला मात्र हे खरं वाटेना. दगडाबाईच्या घरातून बाटल्या बाहेर जातात, ड्रायव्हर लोक घेऊन जातात, हंड्याखाली जाळ असतो, नळी गळत असते, आणि म्हणे पाणी! गाव गालात हसायचं. म्हातारीनं गावचं गिऱ्हाईक सोडलं अन् सडकेचं धरलं, एवढाच गावानं त्याचा अर्थ काढला. ज्याच्या डोक्यात जे भरलेलं असतं, तेच त्याला दुसऱ्याच्या बाटलीत दिसतं, दुसरं काय?

आणि एक दिवस दिनकररावाची जीप आली. होय, त्यानं आता जीप घेतली होती. भुजंग नावाचा त्याचा गडी ती चालवायचा. दगडाबाई रीतीप्रमाणं डावीकडं थुंकली, रीतीप्रमाणं बोनेटात वाकली आणि बाटरीला पाणी घातलं. ऊन मरणाचं. दिनकररावाचे ओठ सुकून पांढरे पडलेले. फाट्यावरचं हॉटेल त्या दिवशी बंद. दगडाबाई कितीही फटकळ असली तरी तहानलेलं माणूस बघून गप बसणारी नव्हती. तिनं रांजणावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला.

"घ्या मालक. गार हाय."

दिनकररावानं तोंड फिरवलं. "ऱ्हाऊ दे."

भुजंग खेकसला, "दगडे, तुला काही कळतं का? मालक तुझ्या हातचं पानी कसं घेतील?"

दगडाबाईनं खोपटात नजर टाकली. ती बाज अजून तिथंच होती. ज्या गिलासात हा माणूस प्यायचा, तो गिलासही फळीवर होता. तांब्यातलं पाणी तिनं रांजणात परत ओतलं नाही, रस्त्याच्या कडेच्या बाभळीला घातलं.

"बाटरीला चालतं का माझं पानी, मालक?"

"बाटरीला काय जात असती?" दिनकरराव म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खो खो हसला.

"मग तुमच्यापरीस बाटरी शहाणी म्हनायची," दगडाबाई म्हणाली, आणि या खेपेला तिनं डावीकडं न थुंकता समोर थुंकलं.

ते त्यानं मनात ठेवलं. जीप मात्र बाटरीच्या पाण्याला फाट्यावर येतच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न निघालं. सेलूकडचं वऱ्हाड. भुजंग फाट्यावर आला, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "वऱ्हाडातली मोठी मानसं शौकीन हायत. मालकांनी सांगितलंय, जरा चांगली उतरव. तुझ्या हातची सर दुसऱ्या कुनाला न्हाई."

"माझ्या हातची बंद हाय."

"आता ड्रायव्हरांना देतीस ते काय? आमी काय दुधखुळे हाव?"

"ते पानी हाय. नाक हाय ना तुला? हुंग."

भुजंग डोळा मिचकावून गेला. मग दिनकरराव स्वतः आला. बाजेवर बसला नाही, जीपमधूनच बोलला. "दगडे, तुझा हंडा ठाण्यातल्या जमादाराच्या डोळ्यावर येत न्हाई, तो कुनाच्या शब्दानं? लग्नाचं काम झालं न्हाई तर हंडा उचलून नेतील. मग माझ्याकडं बोंबलत येऊ नको."

दगडाबाई भ्याली. खोटं कशाला सांगा, चांगलीच भ्याली. हंडा गेला की पोटाचं गेलं. या वयात पुन्हा खडी फोडायची ताकद मनगटात नव्हती. आणि हंडा राखायचा तर त्यात पुन्हा गूळ सडवायचा. दोन दिवस तिला भाकर गोड लागली नाही. हंड्याजवळ जायची, आत तोंड घालून हुंगायची आणि परत यायची. तिसऱ्या दिवशी भुजंग उत्तर घ्यायला आला तेव्हा तिनं सांगून टाकलं, "मालकाला म्हनावं, हंडा न्यायचा तर रिकामा न्या. माझ्या हातानं त्यात घान पडनार न्हाई."

दिनकरराव हंड्याचं लग्नानंतर बघणार होता, पण त्याला एवढं झोंबलं, की त्यानं भुजंगाला ताकीद दिली, त्या बाईच्या पाण्याचा थेंब जीपला लावायचा नाही. भुजंगानं मग आडाचं खारं पाणी घातलं, तेही काठोकाठ, मालकाची जीप म्हणून. ते उतू गेलं, उरलं ते उन्हानं उडालं. लग्नाच्या आठवड्यात जीप ढकलल्याशिवाय चालू होईना. पण लग्नघरात ढकलायला माणसं कमी असतात का?

लग्न गोरज मुहूर्ताचं. वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन उतरलं होतं. दुपारची जेवणं झाली आणि नवरदेवाचा मामा भगवानराव ढेकर देत म्हणाला, "व्याही, कोरडंच ठिवता का आमाला?" दिनकररावानं भुजंगाकडं बघितलं. भुजंग तडक फाट्यावर गेला. दगडाबाई रस्त्याच्या पलीकडं एका ट्रकच्या बोनेटात डोकं घालून उभी होती. हा मागच्या कुडानं आत शिरला. ती वाट त्याच्या मालकाच्या पायाखालचीच. कोपऱ्यात टोपलीत भरलेल्या बाटल्या होत्या. टोपली उचलली आणि पसार झाला. त्याच्या मते त्यानं चोरी केली नव्हती. बाईचं ढोंग उघडं पाडलं होतं.

गोठ्याच्या मागं पत्र्याखाली चटया पडल्या. पुढं काय झालं ते वाढप्यांकडून सगळ्या गावाला कळलं, आणि दगडाबाईलाही. भगवानरावानं घोट घेतला. "वास न्हाई हिला."

"म्हूनच तर!" भुजंग म्हणाला. "वास मारती ती हलकी. ही पयल्या धारेची."

मग काय विचारता! सगळ्यांनी डोळे मिटून रिचवली. एक म्हणाला, कान गरम झाले. दुसऱ्यानं फेटा काढून ठेवला, म्हणे छप्पर फिरायलंय. तिसरा गौळण म्हणायला लागला. अहो, वैशाखाचं ऊन, पोटात बुंदी, डोक्यावर पत्रा, फिरणार नाही तर काय होईल? पण भुजंगाच्या पाठीवर थापा पडल्या. तेवढ्यात दिनकरराव पाहुण्यांची विचारपूस करायला आला. त्यानंही गिलास तोंडाला लावला. दगडाबाईच्या दारूची चव त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती? तो एकदम बोलून गेला, "आरं, हे तर पानी हाय!"

गौळण थांबली. भगवानरावानं गिलासात बघितलं, मग भुजंगाकडं. "कुनाच्या घरचं?"

भुजंगानं टोपली पायानं मागं सारली. पण वाढप्यांपैकी कुणी तरी सांगून टाकलं, फाट्यावरच्या दगडाबाईचं, बुद्धवाड्यातल्या.

आणि मग जे सुरू झालं त्याची नुसती आठवण काढली तरी किळस येते. ही मोठमोठी माणसं, जरीच्या उपरण्याची, घशात बोटं घालून ओकायला लागली. ज्यांना ओकता येईना ते थुंकत सुटले. कुणी गोमूत्र मागवलं. दारू हवी होती त्याची लाज नाही, चोरीची आणली त्याची लाज नाही. पाणी प्यालो म्हणून आकांत! भगवानराव ओरडला, "आमाला बाटवायला बोलावलं व्हय इथं? उचला रे सामान, हे लगीन होत न्हाई!" दिनकररावाला घाम फुटला.

तेव्हा त्याचा चुलतभाऊ पंडित पुढं झाला. पंचायतीचा मेंबर, कायद्याचा किडा. "पानी म्हनलं कुनी?" तो शांतपणे म्हणाला. "ती दारूच हाय. तुमाला चढली का न्हाई?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"दारूला कुठं जात असती? दारू सगळेच पेतेत. जमादार इथंच बुंदी खायलाय. त्याला घिऊन जायचं, बाईचा हंडा दारूचा म्हून जप्त करायचा, पंच म्हून आपनच सांगायचं. एकदा सरकारनं दारू म्हनलं की कोन म्हनतो पानी?"

भगवानरावानं तोंड पुसलं. आठवून म्हणाला, "चढली होती खरी." आणि बाकीच्यांच्याही एकदम लक्षात आलं, की आपल्याला लय चढली होती.

जीप ढकलून चालू केली आणि दिनकरराव, पंडित, भगवानराव, जमादार आणि दोन-चार पाहुणे फाट्यावर येऊन थडकले. दगडाबाई तेव्हा गेलेली टोपली शोधत होती. भुजंगानं सवयीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

झाकण काढून जमादारानं हंड्यात नाक घातलं. बाहेर काढलं. नळी हुंगली. घंगाळ हुंगलं. सोबत आणलेली अर्धी बाटली हुंगली. वास घ्यायला त्याची हरकत नव्हती. चव घ्यायची म्हटल्यावर त्यानं बाटली लांब धरली. त्याला सगळं कळलं होतं. पण पोटात दिनकररावाची बुंदी होती.

"पंच, काय हाय ही?"

"दारू," पंडित म्हणाला.

"दारू," भगवानराव म्हणाला. "अजून उतरली न्हाई."

दगडाबाईला आधी काही उमगेना. अर्ध्या बाटलीवरनं पाणी प्यायले एवढं तिनं ताडलं होतं, आणि त्यावरून मारायला आलेत, असं तिला वाटलं होतं. त्याला ती तयार होती. हे काय आक्रीत! मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, हे लोक स्वतःला वाचवायला तिच्या पाण्याची दारू करायला निघालेत. ती दिनकररावासमोर जाऊन उभी राहिली.

"मालक, तुमी सांगा. माझी दारू तुमी इतकी वर्सं प्यालाव. माझ्या बाजेवर बसून प्यालाव. मला दुसऱ्या कुनाचं ऐकायचं न्हाई. ही दारू हाय?"

दिनकररावानं जमिनीकडं बघितलं. "दारूच हाय," म्हणाला.

दगडाबाईला थुंकायचं होतं. जन्मात कधी नव्हतं इतकं थुंकायचं होतं, आणि तोंडाला कोरड पडली. "माझ्या घरची दारू प्यालाव म्हनायला तुमाला लाज न्हाई," ती कशीबशी म्हणाली, "अन् पानी प्यालाव म्हनायला लाज वाटायली! अरे, उकिरड्यावरच्या कोंबड्या बऱ्या रे तुमच्यापेक्षा!"

पंडितनं लाथेनं जाळ विसकटला, हंडा कलंडून आतलं पाणी सांडलं. हंडा अजून ऊन होता. दिनकररावानं उपरण्याच्या सोग्यानं एक कान धरला, भुजंगानं दुसरा, आणि जीपच्या मागच्या बाजूला टाकला. दगडाबाईनं अडवलं नाही. बापानं शेळी विकून घेतलेला हंडा ती डोळ्यांनी बघत राहिली. सगळे चढून बसले. भुजंगानं चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. भुजंगानं खाली उतरून बोनेट उघडलं, बुचं काढली, तोंड वाकडं केलं. आणि वर्षभराच्या सवयीनं, काही विचार न करता म्हणाला, "बाटरी कोरडी पडली की! दगडाबाई, एक बाटली पानी दे गं."

जीपमधून पंडितनं भुजंगाकडं डोळे वटारले.

"पानी?" दगडाबाई म्हणाली. ती आत गेली. कुडाच्या आडोशाला एक बाटली राहिली होती, बन्सीधरसाठी ठेवलेली. ती घेऊन बाहेर आली आणि जमादाराच्या नाकासमोर धरली.

"जमादारसाहेब, ह्याच हंड्यातलं हाय हे. दारू असंल तर बाटरीत घालता येत न्हाई, बाटरी जळंल. पानी असंल तर खुशाल घाला, मी आपल्या हातानं घालते, अन् माझा हंडा खाली उतरवा. बोला. काय हाय?"

दिनकररावानं मावळतीकडं बघितलं. गोरज जवळ येत होता. मांडवात पोरगी हळद लावून बसली होती. त्याचा हात बाटलीकडं अर्धा आलाही. पण भगवानराव कडाडला, "खबरदार! दारू हाय ती! पानी म्हनलं की लगीन मोडलं!"

"दारूच हाय," जमादार म्हणाला आणि खाली उतरला. "ढकला."

आणि ढकलली. सगळ्यांनी ढकलली. जरीची उपरणी खोचून, फेटे काखेत मारून, वैशाखाच्या उन्हात तापलेल्या डांबरावर ती थोर माणसं जीपला डोकं लावून रेटत होती. रस्त्याकडच्या चहावाल्यापासून बुद्धवाड्यातल्या बायकांपर्यंत सगळे बाहेर येऊन बघत होते. दगडाबाई बाटली हातात धरून उभी. कुणी तिला म्हणालं नाही, पण प्रत्येकाला ठाऊक होतं, ढकलायची पाळी का आली ते.

ओढ्याच्या उताराला जीप लागली आणि गचका देऊन चालू झाली. त्या गचक्यासरशी मागचं फळकूट धाडकन उघडलं आणि हंडा घरंगळत बाहेर आला, ठणठणत डांबरावर आपटला.

"आरं, मुद्देमाल! थांबव!" जमादार ओरडला.

"थांबवली तर पुन्हा बंद पडंल!" भुजंग आतून ओरडला.

"चल, चल, थांबू नको!" दिनकरराव पळत पळत ओरडला, आणि चालत्या जीपला लोंबकळला. एकामागून एक सगळे उड्या मारून चढले. जमादार क्षणभर हंड्याकडं बघत उभा राहिला, क्षणभर जीपकडं. मग टोपी धरून तोही जीपच्या मागं पळाला.

हंडा रस्त्याच्या मधोमध पडला होता, एका अंगानं चेपलेला. दगडाबाईनं तो उचलून आणला.

थोड्या वेळानं बन्सीधरचा ट्रक आला. बाई खोपटासमोर हंडा घेऊन घासत बसली होती. चिंच, राख, पुन्हा चिंच. नाक मुरडलेलं, हात कोपरापर्यंत काळे. दोन्ही कानांपाशी ती जीव खाऊन घासत होती.

"मावशे, परवाच तर कल्हई केली ना? एवढं काय घासायलीस?"

"ती बाटली हाय बग, तुझ्यासाठी ठिवलेली. भर जा बाटरी," दगडाबाई वर न बघता म्हणाली. "हंड्यात आज पानी लावायचं न्हाई. त्याला दिनकररावाचा हात लागलाय."